एमआरआयच्या फोटोवरून प्रोटीन मोजतात म्हणे, त्याबद्दल

घोडबंदर रोडच्या सोसायटी ग्रुप्सवर फिरतंय की एमआरआयचा फोटो एका नंबरवर पाठवा, कॉम्प्युटर मेंदूतलं अल्झायमरचं प्रोटीन मोजून देतो. तसं नाहीये हो. मी लॅबमध्ये स्लाइड्सच बनवते म्हणून सांगते, हे मोजमाप टिश्यूच्या (ऊतींच्या) काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या कापांवर होतं, तेही बहुतेक वेळा दान केलेल्या मेंदूच्या, त्यावर अँटिबॉडी (त्या प्रोटीनलाच चिकटणारा रेणू) लावून प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग आणतात आणि मग इमेजजेसारखं सॉफ्टवेअर किती भाग रंगलाय ते मोजतं. रंग दुप्पट गडद म्हणजे प्रोटीन दुप्पट असंही नसतं, स्टेनिंग (रंग देणं) थोडं जास्त झालं तरी आकडा हलतो (आमचे वाद यावरच होतात). साध्या एमआरआयमध्ये अमायलॉइड (हेच ते अल्झायमरमधलं एक प्रोटीन) दिसत नाही, त्याचा पेट (PET) स्कॅन वेगळा. मीपण न वाचता हा मेसेज माहेरच्या ग्रुपवर ढकलला होता, डिलीट केलाय. तुम्हीही पुढे पाठवू नका, आणि आईबाबांचे रिपोर्ट त्या नंबरवर तर अजिबात नको.