पैजेला मर्यादा आहे, हरण्याला नाही

गेले पंधरा दिवस एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो चार गटांतून आला. शेवटचा साताऱ्याच्या काकांकडून, खाली 'तू तिथेच राहतोस ना, खरं आहे का रे हे?' असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेत पत्त्यांचे क्लब उघड चालतात. प्रत्येक शहराची पालिका लोकांचं हित बघून एका पैजेला किती पैसे लावायचे याची मर्यादा ठरवते. त्यामुळे कोणी देशोधडीला लागत नाही, पालिकेला उत्पन्न मिळतं, लाचखोरीला वाव उरत नाही. आपल्या नगरपालिकांनाही हा अधिकार द्या, चोरून चालणारे अड्डे आपोआप बंद पडतील.'

मी चौदा वर्षं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो. इथे पत्त्यांचे दोन परवानाधारक क्लब आहेत, आणि वर्षाकाठी एखाददोनदा मीही तिथे जाऊन बसतो. तेव्हा काकांना सविस्तरच उत्तर देतो.

'प्रत्येक शहराची पालिका ठरवते.'

नाही. कॅलिफोर्नियात ठरवते, तेही एका वळणाने. इथल्या 1997च्या जुगार नियंत्रण कायद्यानुसार, ज्या शहराच्या किंवा काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) नियमावलीत पाच गोष्टी लिहिलेल्या नाहीत तिथल्या क्लबला राज्य परवानाच देत नाही. क्लबच्या वेळा, गिऱ्हाइकांची सुरक्षा, जागा, टेबलांची संख्या आणि पैजेची मर्यादा, या त्या पाच गोष्टी. पण मर्यादा किती हे राज्य सांगत नाही. शहराने वीस डॉलर लिहिलं तरी चालतं, 'मर्यादा नाही' असं लिहिलं तरी चालतं. फक्त काहीतरी लिहिलेलं हवं.

शेजारच्या शेजारी वॉशिंग्टन राज्यात उलटं. तिथे आकडा राज्याचा जुगार आयोग ठरवतो. शहराला क्लबवर सरसकट बंदी घालता येते, कर लावता येतो, पण परवान्यातल्या अटींना हात लावता येत नाही. फ्लोरिडात 1996 साली घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर पत्त्यांना परवानगी मिळाली, तेव्हा संपूर्ण डावात मिळून दहा डॉलर ही कमाल मर्यादा होती. 2003 मध्ये एका पैजेला दोन डॉलर झाले, 2007 मध्ये पाच, आणि 1 जुलै 2010 पासून मर्यादाच गेली. हे सगळं राज्याच्या विधिमंडळाने केलं. मर्यादेच्या आकड्यावर तिथल्या शहरांचा आणि काउंटींचा काही हक्क नव्हता.

'मर्यादेमुळे कोणी देशोधडीला लागत नाही.'

सगळा घोटाळा या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मर्यादा एका पैजेला असते. एका रात्रीला नसते, महिन्याला नसते, माणसाला तर नसतेच. एका घोटात किती दारू घ्यायची हे ठरवून दिलं म्हणून कोणाची दारू सुटत नाही. घोट किती घेतले ते कोण मोजतंय? आमच्या शहरात 2010 पर्यंत एका पैजेला 200 डॉलरची मर्यादा होती. पण इथे चालणाऱ्या होल्डेम पोकरच्या एका डावात पैज लावायच्या चार फेऱ्या असतात, आणि तासाला पंचवीस-तीस डाव सहज होतात. 200च्या आत राहून महिन्याचा पगार एका संध्याकाळी घालवायचा असेल तर नियम कुठेही आडवा येत नव्हता.

दुसरी गोष्ट मला टेबलावर बसल्यावर कळली. कॅलिफोर्नियात क्लब स्वतः खेळत नाही. भिडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि क्लब जागा, पत्ते, वाटणारा माणूस पुरवतो. त्याबद्दल तो प्रत्येक डावामागे ठरलेले पैसे घेतो. आपल्याकडे अड्डेवाला घेतो तीच ही नाल. फरक इतकाच, की ती डावातल्या रकमेच्या टक्केवारीत घेता येत नाही, कारण टक्केवारी कापणारा खेळ इथल्या दंडसंहितेत गुन्हा आहे. म्हणून रक्कम आधी ठरलेली, टेबलाशेजारी लिहिलेली, आणि एका टेबलावर तिचे जास्तीत जास्त पाच दर.

पत्ते वाटणारी बाई मधल्या ढिगातून चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) उचलते आणि टेबलातल्या फटीत सोडते. फटीखाली पेटी असते. टक असा छोटासा आवाज येतो. पहिल्या दिवशी तो माझ्या लक्षातही आला नव्हता. दुसऱ्या खेपेला माझे पत्ते वाईट येत होते, करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो आवाज मोजत बसलो.

आता हिशेब करू. समजा लहान मर्यादेचं, 'गरिबांना परवडणारं' टेबल आहे. नऊ भिडू, प्रत्येकी 60 डॉलर घेऊन बसलेले. टेबलावर एकूण 540. नाल डावामागे 5 डॉलर, तासाला 30 डाव. म्हणजे तासाला 150 डॉलर फटीत. साडेतीन तासांत 525. नऊ जणांनी मिळून आणलेला जवळजवळ सगळा पैसा टेबलाच्या पोटात गेला. कोण जिंकला, कोण हरला हा प्रश्नच नाही. ज्याच्यापुढे ढीग दिसतो त्याचा ढीगही इतरांनी पुन्हा खिशात हात घातल्यामुळे दिसतो. हीच नाल प्रत्येकी हजार डॉलर आणणाऱ्या टेबलावर लावा. तिथे ती दुप्पट धरली तरी 9000 पैकी साडेतीन तासांत 1050.

म्हणजे मर्यादा जितकी कमी तितका नालेचा चावा खोल. याचा अर्थ मर्यादा काढून टाका असा नाही. मोठ्या टेबलावर माणूस नालेने नाही, समोरच्या सराईताने मरतो, आणि लवकर मरतो. लहान टेबलावर हळूहळू मरतो. मजकूर लिहिणाऱ्याने या 'हळूहळू'लाच सुरक्षित म्हटलंय.

'पालिका लोकांचं हित बघून मर्यादा ठेवते.'

आमच्याच शहराचं सांगतो. जून 2010 मध्ये सॅन होजेत 'के' नावाचा ठराव मतदानाला आला. क्लबच्या उत्पन्नावरचा कर 13 टक्क्यांवरून 15 टक्के, दोन्ही क्लबची मिळून टेबलं 80 वरून 98, आणि पैजेची मर्यादा 'राज्याच्या कायद्याप्रमाणे'. हा शेवटचा शब्दप्रयोग मला फार आवडतो. राज्याच्या कायद्यात आकडाच नाही हे वर आलंच. म्हणजे 200 डॉलरची मर्यादा उडाली, पण मतपत्रिकेवर ती 'उडवतो' असं कुठे वाचायला मिळालं नाही. पुढे होतं ते शहराच्या अत्यावश्यक सेवांसाठी पैसा, हे कारण. ठराव मंजूर झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये 'एच' ठराव आला: कर 16.5 टक्के, आणखी 30 टेबलं. तोही मंजूर.

यात कोणी चोरी केली नाही. सगळं मतदानाने झालं. पण कर आणि मर्यादा एकाच कागदावर आल्या की कोण कोणाला ओढतं ते बघा. क्लबचा धंदा वाढला की शहराचा हिस्सा वाढतो, आणि मर्यादा ठरवणारंही तेच शहर. लॉस एंजेलिसजवळचं हवाईयन गार्डन्स हे इवलंसं शहर तर सर्वसाधारण निधीच्या निम्म्याहून जास्त रकमेसाठी एका पत्त्यांच्या क्लबवर अवलंबून राहिलेलं आहे. तिथल्या नगरसेवकाने मर्यादा कमी करा म्हणायचं म्हणजे स्वतःच्या पोलिसांचा पगार कापा म्हणायचं.

कोलोरॅडोचं उदाहरण पत्त्यांच्या क्लबचं नाही, कसिनोंचं आहे, पण याहून बोलकं मला ठाऊक नाही. 1990 साली राज्यातल्या मतदारांनी डोंगरातल्या तीन जुन्या खाणगावांत जुगाराला परवानगी दिली: ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक. मर्यादा पाच डॉलर. गावं ओस पडली होती, जुन्या इमारती वाचवायच्या होत्या, हेतू चांगला होता. 2008 मध्ये मर्यादा शंभर डॉलरपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. 2020 मध्ये राज्याने सांगितलं की यापुढे ही तीन गावंच काय ते ठरवतील. मे 2021 पासून तिन्ही ठिकाणी मर्यादा नाही. 2020च्या जनगणनेत ब्लॅक हॉकची वस्ती 127 होती. आमच्या चाळीच्या सार्वजनिक गणपतीची वर्गणी याहून जास्त लोक देत. एवढ्या वस्तीच्या गावाला, डेन्व्हरहून गाड्या भरभरून येणाऱ्यांनी किती लावायचं याचा निर्णय मिळाला. साउथ डकोटातल्या डेडवुडमध्येही तसंच: 1989 मध्ये पाच डॉलर, 2000 मध्ये शंभर, 2012 मध्ये हजार. तिथे निर्णय राज्याचा होता, एवढाच फरक.

मर्यादा खाली आल्याचं मोठं उदाहरण मला आठवतं ते ब्रिटनचं. तिथे पैज लावायच्या दुकानांतल्या यंत्रांवर एका खेपेला शंभर पौंड लावता येत. लंडनमधल्या न्यूहॅम या भागाच्या परिषदेच्या पुढाकाराने 93 स्थानिक परिषदांनी ते दोन पौंडांवर आणा अशी मागणी केली. अधिकार त्यांच्याकडे नव्हता, मागणी फेटाळली गेली. पुढे केंद्र सरकारनेच एप्रिल 2019 मध्ये दोन पौंड केले. मर्यादा कमी करा म्हणणाऱ्या या परिषदांना त्या यंत्रांवरचा जुगार-कर मिळत नव्हता. तो केंद्र सरकारच्या तिजोरीत जात होता.

'लाचखोरीला वाव उरत नाही.'

थोडक्यात आटपतो. लॉस एंजेलिसजवळच्या कॉमर्स शहरात 1980च्या दशकात पत्त्यांचा मोठा क्लब उघडला. नंतर बाहेर आलं की परवानगी देणाऱ्या नगरसेवकांपैकी काहींनी क्लबमध्ये छुपी भागीदारी घेतली होती. त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. जवळच बेल गार्डन्समधला बायसिकल क्लब 1984 मध्ये सुरू झाला. त्याच्या उभारणीत अमली पदार्थांचा पैसा गुंतल्याचं सिद्ध झालं आणि 1990 मध्ये केंद्र सरकारने तो जप्त केला. मग काही वर्षं अमेरिकेचं सरकार स्वतःच एका पत्त्यांच्या क्लबचं भागीदार होतं. कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

हेही मान्य करतो की उघड क्लब आणि चोरटा अड्डा एक नाहीत. उघड्या क्लबात कॅमेरे असतात, नाल लिहिलेली असते, उधारी वसूल करायला घरी माणसं येत नाहीत. ज्याला स्वतःचा हात आवरत नाही त्याला राज्याच्या यादीत नाव घालून स्वतःलाच क्लबबंदी करून घेता येते. ही सोय खरी कामाची आहे. पण तिचा आणि पैजेच्या मर्यादेचा काही संबंध नाही.

'आपल्या नगरपालिकांनाही अधिकार द्या.'

कुठून देणार? 'पैजा आणि जुगार' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे, नोंद 34. नगरपालिकांचे अठरा विषय बाराव्या अनुसूचीत आहेत. त्यांत रस्ते आहेत, कत्तलखाने आहेत, स्मशानं आहेत, जुगार नाही. महाराष्ट्रात अजून 1887चाच जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पण त्याच निकालात हेही म्हणालं की क्लबच्या मालकाने खेळातून नफा काढला तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या क्लबचा जो धंदा, तोच आपल्याकडे अडचणीत. कसिनोंसाठी महाराष्ट्राने 1976 साली एक कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात मांडवीतली जहाजं पणजीच्या डोळ्यांसमोर उभी आहेत, पण त्यांचा परवाना राज्य सरकार देतं, महापालिका नाही.

आणि उत्पन्न? कसिनो आणि जुगारावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. नगरपालिकेच्या वाट्याला क्लबबाहेरची वाहनांची गर्दी आणि सकाळचा कचरा येईल.

हे सगळं काकांना पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. अर्ध्या तासाने उत्तर: 'वाचलं. पण तू किती हरलास ते लिहिलं नाहीस.'

काका, त्या मोजणीच्या रात्री चाळीस डॉलर. टक आवाज एकशे बारा.