बर काढलीस का? बरं!

विमान बांधायचं म्हणजे वारा, ढग, निळं आभाळ असं काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर ती मोडली. विमान म्हणजे भोकं. एवढंच. ती आधी पाडायची, मग साफ करायची, मग खोलगट करायची आणि शेवटी बुजवायची.

विमान माझं नाही, बंडूदादाचं आहे. दादा माझा चुलतभाऊ. कलाभवनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन त्याने उभा जन्म मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, डाय (धातूचे साचे) बनवण्यात घालवला. रिटायर झाल्यावर माणसं द्वारकेला जातात. दादाने परदेशातून विमानाचं किट मागवलं. 2016 साली कॅप्टन अमोल यादवांचं सहा सीटचं विमान मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात उभं होतं. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं! तेव्हापासून दादाच्या डोक्यात किडा होताच. पुढे 28 ऑक्टोबर 2024 ला आमच्या बडोद्यात टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि किड्याला पंख फुटले. "हवाई दलाच्या छप्पन्न विमानांतली चाळीस इथे बनणार," दादा म्हणाला, "मग एकेचाळिसावं दांडिया बाजारात का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या माणसाकडे अशा वेळी कारणही नसतं, म्हणून मी हेल्पर झालो.

विमानाची सुरुवात शेपटापासून करतात, हेही मला नवीनच. शेपूट तयार होऊन माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी पडलंय. सध्या पंख. पंखाचा सांगाडा, म्हणजे आडवा स्पार आणि त्याला फासळ्यांसारख्या रिबा, ओसरीवर घोडीवर उभा आहे. त्याला पत्रा चढवायचा. समोरच्या जिगरभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कूलर बनावो छो?" दादा म्हणाला, हो. पत्ता विचारणाऱ्याला आणि पत्रा विचारणाऱ्याला खरं सांगत बसलं की दिवस जातो.

पत्र्याला वरून निळी प्लास्टिकची साल असते. नव्या मोबाइलची साल मी ज्या आनंदाने ओढतो, त्याच आनंदाने हिलाही हात घातला, तर दादा ओरडला. सगळी साल काढायची नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक घासून बोथट करायचं, पट्टी धरून भोकांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी साल वितळवायची आणि तेवढीच पट्टी सोलायची. का? तर हा पत्रा पुरणपोळीसारखा असतो. आतल्या ॲल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं असतं, त्याने ताकद येते पण गंजही लवकर धरतो. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पापुद्रा. पापुद्रा ओरखडला की पुरण उघडं पडलं! मी कानावर पेन्सिल अडकवून आलो होतो, सुतारासारखी. दादाने ती कानावरून काढून थेट गटारात टाकली. पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या रेघेवरूनच ॲल्युमिनियम गंजायला लागतं म्हणे. चार आण्याच्या पेन्सिलीने विमान खाली येऊ शकतं, हे बँकेत कोणी शिकवलं नव्हतं.

मग पत्रा चढवणं. भोकं कारखान्यातूनच येतात, पण मुद्दाम जराशी लहान. पत्र्याचं भोक रिबेच्या भोकावर आणायचं, त्यात क्लेको घालायचा. क्लेको म्हणजे करंगळीएवढी स्प्रिंगची खुंटी. पक्कडीने दाबली की आत जाते, सोडली की आतून फुगून दोन पत्रे घट्ट धरते. बारीक भोकाला चंदेरी, जाड्याला तांबडा. शंभर क्लेको लावले की पंख साळिंदरासारखा दिसतो आणि पंजा आपला राहत नाही. त्या रात्री मला जेवताना पोळीचा तुकडा मोडेना. ही म्हणाली, "चमचा देऊ?" पोळीला!

खरी मजा मे महिन्यात झाली. सकाळी दादाच्या सांगण्यावरून मी पत्रा धुऊन अंगणात उन्हाला वाळत घातला आणि दुपारी आणून चढवायला गेलो, तर एका टोकाला भोकं जुळली की दुसऱ्या टोकाला सरकायची. मी ढकललं, दाबलं, मारुतीरायाचं नाव घेतलं. दादाने शांतपणे पत्र्याला हात लावला आणि हात चटकन मागे घेतला. मग कागद घेऊन हिशोब मांडला: पत्रा अडीच मीटर, उन्हात तापून सावलीतल्या सांगाड्यापेक्षा वीस डिग्री गरम, म्हणजे लांबी सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढली. भोक सव्वादोन मिलिमीटरचं. "अर्धं भोक तू उन्हात घालवलंस," दादा म्हणाला. मग रात्रभर पत्रा ओसरीवर सांगाड्याशेजारी झोपवला, त्याच्यावर पंखा लावून. मी शेजारच्या खोलीत बिनपंख्याचा, कारण टेबलफॅन एकच.

पहाटे साडेपाचला भोकं अशी जुळली की मला गहिवरून आलं. सगळे क्लेको बसले, दादाने प्रत्येक भोक योग्य मापाच्या बिटने मोठं केलं. पत्रा पंखावर असा चपखल बसला होता की मी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणार, एवढ्यात दादा म्हणाला, "आता सगळं काढ."

सगळं?

सगळं. कारण आता बर काढायची. ड्रिलने भोकाच्या कडेला धातूची जी खरखरीत किनार राहते ती बर. ती राहिली तर पत्रे एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि कडेपासून चीर जायला लागते. बर काढायला हातात धरायचं फिरकीचं छोटं हत्यार असतं, त्याचा हलकासा दीड आटा द्यायचा. जास्त दिला की भोक मोठं, कमी दिला की बर तशीच. वरून एकदा, आतून एकदा. पत्र्याला आणि खालच्या रिबेलाही. मी त्या पत्र्यावरची भोकं मोजली होती, 412. प्रत्येकाला चार वेळा, म्हणजे 1648 वेळा फिरकी. पंधरा दिवस आमचा संवाद एवढाच होता:

"बर काढलीस का?"

"बरं."

"बरं नको म्हणू, बर काढली का सांग."

त्यानंतर डिंपल. रिवेटचं, म्हणजे पत्रे कायमचे जोडून भोक बुजवणाऱ्या खिळ्याचं, डोकं पत्र्यात बुडून हवेला सपाट लागावं म्हणून प्रत्येक भोकाला बशीसारखा खोलगटपणा आणायचा. लोखंडी कमानीत खाली एक डाय, वर एक. वरच्या दांड्यावर हातोडी मारायची, टण्ण. डायची पिन भोकात बसलीय ना, हे मारण्याआधी बघायचं. चारशे सतरावं असेल… नाही, चारशेबारातलं तीनशे सहावं. जिगरभाईंनी "कूलर केटलो आव्यो?" विचारलं, मी मान वळवली आणि टण्ण. पिन भोकाच्या शेजारी होती. आठच्या आकड्यासारखं एक नवंच भोक तयार झालं.

दादा काही बोलला नाही. मार्करने आठच्या भोवती गोल काढला, बाजूला तारीख लिहिली आणि चहा करायला आत गेला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. (हे अनुस्वाराचं.) चहा पिताना एवढंच म्हणाला की 1895 साली शिवकर बापूजी तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं ते सयाजीराव महाराजांनी पाहिलं होतं. याला पुरावा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्या विमानाला हेल्पर कोण होता याची नोंद नाही, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

एक सवय मात्र जडली. कुठलंही भोक दिसलं की नख फिरवून बघतो. दिवाळीच्या आधी हिचा बुंदीचा झारा ओट्यावर दिसला. नख फिरवलं, भोकाभोकाला बर! रात्री गुपचूप ओसरीवर नेऊन फिरकीने सगळा झारा साफ केला. दुसऱ्या दिवशी बुंदी टपोरी, गोल, एकालाही शेपूट नाही. ही दोन मिनिटं काहीच बोलली नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला वहिनींना फोन लावला.

पंख दिवाळीपर्यंत काही झाला नाही. झारे मात्र वाड्यातले सगळे झाले, आणि काल जिगरभाई त्यांच्या घरचा शेवेचा साचा घेऊन आलेत. कूलरच्या शेजारी ठेवून गेले.