‘परदेशी पैशाचा हिशोब कुणी विचारत नाही’ हे खरं नाही

‘संस्थांना परदेशातून हवा तेवढा पैसा येतो, ऑडिट नाही, विचारणारं कुणी नाही’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. मी एका छोट्या संस्थेचे हिशोब सांभाळते, म्हणून हा खुलासा.

परदेशी देणगी घ्यायला केंद्रीय गृहखात्याची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) खालची नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी लागतेच. नोंदणी 5 वर्षांची असते, मग नूतनीकरण. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते. ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली. वर्षाचा हिशोब सीएच्या सहीनिशी 31 डिसेंबरपर्यंत ऑनलाइन भरावा लागतो.

महाराष्ट्रातल्या ट्रस्टला शिवाय 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहेच. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या बायकांच्या एसटी तिकिटांचे चिटोरेसुद्धा व्हाउचरला चिकटवलेले असतात. शाई उडते म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवते.

घोटाळे होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. 20 हजारांहून जास्त संस्थांची एफसीआरए नोंदणी आजवर रद्द झाली आहे. काही गैरव्यवहारामुळे, पण अनेक वेळेत विवरणपत्र न भरल्यामुळे. विचारणारं कुणी नसतं, तर ती रद्द कशी झाली असती?