फूड टेक्नॉलॉजीची पाटी लावून काहीही विकू नका!

डोकं फिरलंय नुसतं. लेकीला फूड टेक्नॉलॉजी, म्हणजे अन्नप्रक्रियेचं तंत्र, शिकायचंय. अकरावीपासून तिचं ठरलेलं आहे, मार्कही चांगले आहेत. तरी बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. या एका नावाखाली इतक्या पदव्या मांडून ठेवल्यात की त्यातली कोणती कामाची आणि कोणती नुसती पाटी, हे धड सांगणारं कुणी भेटत नाही.

बी.टेक. आहे, बी.एस्सी. आहे, बी.व्होक. ही व्यवसाय-शिक्षणाची पदवी आहे. बी.टेक.ला परत दोन वाटा. माटुंग्याची आयसीटी, नागपूरचं एलआयटी, या तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्था इंजिनीअरिंगच्या बाजूला. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय, जे १९७६ पासून चालू आहे, ते कृषी विद्यापीठाच्या बाजूला. सीईटी एकच, पण पुढे फॉर्म वेगळा, फी वेगळी, गुणवत्ता यादी वेगळी, वेळापत्रक वेगळं. सातबाऱ्याचा अधिभार, म्हणजे शेतजमीन असलेल्या घरातल्या मुलांना मिळणारे जादा गुण, कृषीच्या यादीत मिळतो, इंजिनीअरिंगच्या यादीत नाही. म्हणजे तीच मुलगी, तेच पर्सेंटाइल, आणि दोन याद्यांत दोन वेगळे नंबर! एका यादीतली जागा पक्की करावी तर दुसरीची फेरी अजून लागलेली नसते. मग पैसे भरा आणि जीव टांगणीला लावून बसा.

बरं, हे झालं राज्यातलं. हरियाणातलं कुंडली आणि तमिळनाडूतलं तंजावर, दोन्हीकडच्या निफ्टेमना, म्हणजे अन्नतंत्राच्या केंद्रीय संस्थांना, २०२१ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे जायचं तर जेईई मेन द्यावी लागते. कृषी विद्यापीठांमधल्या अखिल भारतीय कोट्याच्या जागांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची वेगळी परीक्षा. हे बारावीचं वर्ष चालू असतानाच माहीत असायला हवं, कारण फॉर्म तेव्हाच निघतात. क्लासवाल्यांनी दोन वर्षं पोतंभर फी घेतली, पण या कोर्सचं नाव एकदाही काढलं नाही. कारण त्यांच्या फ्लेक्सवर फोटो लागतो तो मेडिकलवाल्याचा आणि आयआयटीवाल्याचा. कॉलेजच्या ऑफिसात सीयूईटीचं विचारलं, तर 'आपल्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही' म्हणून वाटेला लावलं. उपयोग होता हो! निकालानंतर कळून काय करायचं?

आणि ते काउन्सेलर! 'फूड टेक म्हणजे फूड टेक, मॅडम, कुठूनही करा, सेमच असतं.' सेम कसं असेल? बऱ्याच एम.टेक.ना बी.टेक.च लागतं, बी.एस्सी.सारख्या तीन वर्षांच्या पदवीवर दारातूनच परत पाठवतात. बी.एस्सी. वाईट आहे असं मी म्हणत नाही. जिला लॅबमध्ये किंवा क्वालिटीत काम करायचंय, गणित नकोय, जीवशास्त्र आवडतं, तिच्यासाठी ती चांगलीच वाट आहे. पण तसं सांगा ना तोंडाने! फी भरून झाल्यावर पोरांना कळतं की आपण वेगळ्याच रांगेत उभे होतो. याला मी फसवणूकच म्हणते.

सगळ्यात जास्त संताप झाला तो एका खासगी कॉलेजात. माहितीपत्रकावर चकचकीत पायलट प्लांट, म्हणजे मुलांना शिकायला छोटा कारखाना, पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं. म्हटलं, प्लांट दाखवा. किल्ली सापडेना. मग सर जेवायला गेलेत. मग एकदाची किल्ली आली. आत फळांचा गर काढणाऱ्या पल्परच्या तोंडाला कंपनीतून आलेलं प्लॅस्टिक तसंच गुंडाळलेलं. कोपऱ्यात रिटॉर्ट, म्हणजे बंद डबे वाफेच्या दाबाखाली तापवायचं भांडं, उभा, झाकणावर बोटभर धूळ. वाफेची पाइपलाइन भिंतीपर्यंत येऊन तिथेच संपलेली. बॉयलर कुठंय विचारलं, तर म्हणे 'प्रस्तावित आहे'. बॉयलर नाही आणि रिटॉर्ट शिकवताय? कशावर, फळ्यावर?

हा काही हौसेचा विषय नाही. ज्या पदार्थाचा पीएच ४.६ च्या वर आहे, म्हणजे जो फारसा आंबट नाही, तो डब्यात बंद करून नेहमीच्या तापमानाला टिकवायचा, तर जीवघेणं विष तयार करणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू मारावेच लागतात. त्यासाठी वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमान डब्याच्या मधोमध पोचावं लागतं, आणि हिशोबाने ठरलेला वेळ टिकावं लागतं. ते चुकलं तर खाणाऱ्याच्या जिवाशी गाठ. आणि तुम्ही चार वर्षांत एकदाही वाफ न बघितलेलं पोर कारखान्यात पाठवणार, बॅचवर सही करायला?

वर नातेवाईक आहेतच. 'स्वयंपाक शिकायला एवढे पैसे?' अहो, ती उष्णतेचं वहन शिकणार आहे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणार आहे. भाव पडला की याच राज्यात टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतले जातात, बातम्या बघता ना? तो माल टिकवणारी, त्याची पेस्ट-पावडर करणारी माणसं काय आभाळातून पडणार आहेत?

दाखल्यांचे हेलपाटे तर विचारूच नका. नॉन-क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. आमचं त्याआधीच संपत होतं, म्हणून परत सेतू, परत सर्व्हर डाउन, परत 'उद्या या'.

मला सरकारकडून एकच गोष्ट हवी आहे. प्रवेशासाठी कॉलेजं निवडायच्या ऑप्शन फॉर्मच्या यादीत प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे लिहा: प्लांट चालू आहे का, बॉयलर आहे का, पूर्णवेळ शिकवणारे किती, आणि मागच्या बॅचची मुलं कुठे लागली. प्रत्यक्ष तपासून लिहा, कॉलेजने पाठवलेल्या फोटोंवरून नको. पालकांनी सुट्ट्या काढून, गाडीभाडं खर्चून कुलपं उघडायला लावायची, हे काम आमचं नाही.

काल त्या कॉलेजातून परत फोन आला, 'मॅडम, शेवटच्या काही सीट उरल्यात, आज बुक केली तर फीमध्ये सवलत देऊ.' मी विचारलं, बॉयलर बसला का? फोन ठेवून दिला.