एका पौंडात फुटबॉल क्लब

हिंजवडीची जमीन विकून झाली आहे, मुलगा अमेरिकेत रुळलाय आणि डॉक्टर म्हणतात की रक्तदाब अगदी आदर्श आहे. अभिनंदन, फुटबॉल क्लब विकत घ्यायला तुम्ही पात्र झालात. रक्तदाबाचं तेवढं आत्ताच लिहून घ्या, वर्षभरानं तुलनेला बरं पडेल.

क्लब महाग असतो, हा गैरसमज आधी काढून टाका. इंग्लंडमधला बरी हा क्लब 1885 सालचा, एफए कप ही तिथली मोठी स्पर्धा दोनदा जिंकलेला. डिसेंबर 2018 मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. म्हणजे तेव्हाचे साधारण नव्वद रुपये. तेवढ्यात अमृततुल्यात चौघांचा चहासुद्धा जेमतेम होतो. खरा खर्च नंतरचा, पण तो तुम्हीच करायचा असतो असं कुणी सांगितलं?

तरीही घासाघीस न करता रोख मोजायची हौस असेल, तर मार्गदर्शनाला लांब जायला नको. आपल्या पुण्याच्या चिकनवाल्या वेंकीजनं नोव्हेंबर 2010 मध्ये 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. 1888 साली इंग्लंडची लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यांतला हा एक, शिवाय 1995 चा प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या श्रेणीचा, विजेता. संघ तेराव्या क्रमांकावर, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा वेळी नव्या मालकानं काय करावं? मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, नारळ द्यावा. सॅम अॅलर्डाइस यांना तो महिन्याभरातच मिळाला. मे 2012 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. ज्या सामन्यात घसरला, त्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कोंबडीच का, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एका नारळावर थांबू नका. पुढच्याच हंगामात तिथं हेनिंग बर्ग 57 दिवस मॅनेजर होते आणि त्यांच्यानंतरचे मायकेल अॅपलटन 67 दिवस. बर्ग यांचा करार तीन वर्षांचा होता. ते कोर्टात गेले आणि जवळजवळ साडेबावीस लाख पौंड घेऊन आले. दिवसाचा हिशोब तुम्हीच मांडा. तुमचा जो भाचा आयटीत चौदा वर्षं घासतोय त्याला मात्र तो दाखवू नका.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. वेंकीज वर्षानुवर्षं पैसे ओतत राहिले, म्हणून ब्लॅकबर्न आजही खेळतोय. पुढे एका चौकशीमुळे इकडून तिकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढावी लागू लागली, तरी ते क्लब सोडून पळाले नाहीत. हा शहाणपणा की हट्ट, ते पुणेकरांनी पुणेकरांना विचारू नये.

आता पगार. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत असे कित्येक क्लब आहेत, जे शंभर रुपये कमावतात आणि शंभराहून जास्त नुसत्या पगारावर घालवतात. तुमचा सीए घाबरेल. त्याला समजवा, की वरच्या श्रेणीत गेलो की टीव्हीच्या पैशात सगळं वसूल. तो विचारेल, नाही गेलो तर? अशा माणसाला संचालक मंडळावर घेऊ नये. वरच्या तीन जागांसाठी चोवीस क्लब हाच हिशोब मांडून बसलेले असतात, हेही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

कर्ज काढायचं तर लीड्स या क्लबाचा आदर्श ठेवा. त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंड उचलले. जी माणसं अजून रांगेत उभी राहिलेली नाहीत, ज्यांतली काही जन्मलीही नव्हती, त्यांच्या तिकिटाच्या पैशांनी खेळाडू आणले. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि 2004 मध्ये थेट खालची श्रेणी. मग मैदान विकलं, सरावाची जागा विकली. हिशोब तपासताना निघालं काय, तर अध्यक्षांच्या ऑफिसातले गोल्डफिश भाड्याचे, महिना 20 पौंड! लोक अजूनही त्या माशांवर हसतात. मला तर अख्ख्या हिशोबात तो एकच खर्च आवाक्यातला वाटतो.

बरीकडे विकायला एवढं नव्हतं. एका पौंडाच्या सौद्याआधीच्या मालकांच्या काळात तिथल्या गाड्या लावायच्या जागा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या होत्या. तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडणं होतात ना? मग हा अनुभव इथं उपयोगी पडेल.

तरी देणी उरतीलच. घाबरू नका, तिथं यासाठी नियम आहे आणि तो फार सुंदर आहे. क्लब दिवाळखोरीच्या दारात गेला, की खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी आधी आणि पूर्ण भागवायची. बाकीच्यांनी उरलंसुरलं वाटून घ्यायचं. पोर्ट्समथनं 2008 मध्ये एफए कप जिंकला आणि 2010 मध्ये कारभार प्रशासकाच्या हाती गेला. घेणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही संस्था होती. मैदानात कुणाला चक्कर आली तर स्ट्रेचर घेऊन धावणारी ही स्वयंसेवी माणसं. तडजोड ठरली ती पौंडाला वीस पेन्सची. आठवड्याला हजारो पौंड घेणाऱ्या स्ट्रायकरला पूर्ण पगार, आणि त्याचा पाय मुरगळल्यावर धावत येणाऱ्यांना रुपयातले वीस पैसे. करखात्यालाही हा नियम खटकला. ते कोर्टात गेले आणि 2012 मध्ये हरले.

चाहत्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्याकडे झाडू द्या. मी थट्टा करत नाही. 2019 च्या उन्हाळ्यात बरीच्या खेळाडूंचे पगार थकले असतानाही संघ वरच्या श्रेणीत चढला होता. ऑगस्टअखेर हकालपट्टीची तलवार लटकत असताना क्लबची एक माजी संचालिका ऑफिसबाहेरच्या पाइपला स्वतःला बेड्या घालून बसली. कुणी खरेदीदार येतोय असं ऐकून शेकडो लोक स्टेडियम साफ करायला जमले. खुर्च्या पुसल्या, गवत उपटलं. त्याच रात्री क्लब लीगमधून हाकलला गेला. मैदान मात्र चकाचक होतं.

परदेश नको वाटत असेल, तर आपल्याकडेही सोय आहे. 2010 साली फुटबॉल महासंघानं पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क 700 कोटींना दिले. 2025 मध्ये मुदत संपत आली तेव्हा इंडियन सुपर लीग ही आपली मुख्य लीग थांबली, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. म्हणजे स्पर्धा कमी! अशी संधी पुन्हा येणार नाही.

शिवाय भारतीय क्लबाची खरी खुबी म्हणजे तो हलवता येतो. बालेवाडीत 2014 मध्ये एफसी पुणे सिटी सुरू झाला, तेव्हा हृतिक रोशन सहमालक होते आणि वर्ल्ड कप जिंकलेला डेव्हिड त्रेझेगे खेळायला होता. 2019 मध्ये गाशा गुंडाळला आणि ती जागा हैदराबादनं घेतली. हैदराबादनं मार्च 2022 मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर लीगचा करंडक उचलला. दोनच वर्षांत पगार थकले, चांगले खेळाडू निघून गेले, फिफानं नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली आणि संघ तळाला गेला. 2025 मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं, पाटीही बदलली. पुढचा मुक्काम कुठे, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या तालुक्याच्या मैदानावर फ्लडलाइट असतील आणि आमदारांशी बरे संबंध असतील, तर नंबर देऊन ठेवा.