व्हिसा लागत नाही म्हणजे पैसे दाखवायला लागत नाहीत, असं नाही!

आज सकाळी गडहिंग्लजकडचे एक काका आले होते, हातात पोराचा पासपोर्ट घेऊन. पोरगा मित्रांबरोबर बँकॉकला निघाला होता. तिथल्या विमानतळाबाहेर पाय न ठेवता परत आला. इमिग्रेशनच्या, म्हणजे पासपोर्ट तपासून देशात सोडतात त्या काउंटरवर विचारलं, पैसे किती आणलेत, दाखवा. ह्यानं खिशातनं चार हजार बाट काढले आणि मोबाईलवर बँकेचं ॲप उघडायला लागला. सिमला रोमिंग नव्हतं, ओटीपी येईना, ॲप उघडेना. मागं रांग. उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं, खात्यावर पैसे होते. पण ते काउंटरमागच्या माणसाला कसे दिसणार?

काका एकच विचारत होते : "पैसे हुतं की ओ त्याच्याकडं. मग का हाकललं?"

माझं डोकं तापलंय ते पॅकेज विकणाऱ्यावर. तिकीट, हॉटेल, बेटावरची बोट, सगळं सांगितलं. "व्हिसाचं टेन्शन नाही, पासपोर्ट घ्या आणि चला" हेही सांगितलं. एवढी एक ओळ तेवढी सांगितली नाही.

ती ओळ अशी. थायलंडच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्यात कलम 12 आहे. ज्याच्याकडे ठरवलेली रक्कम नाही त्याला आत न घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला त्यात दिलेला आहे. रक्कमही ठरलेली आहे. व्हिसा ऑन अरायव्हलला (तिथं उतरल्यावर मिळतो तो व्हिसा) माणशी 10,000 बाट, कुटुंबाला 20,000. पर्यटक म्हणून येणाऱ्याला माणशी 20,000, कुटुंबाला 40,000. तुम्ही कुठल्याही मार्गानं जा, माणशी 20,000 धरूनच चला. आपल्याकडं साधारण पन्नास ते साठ हजार रुपये. सगळ्यांना विचारत नाहीत, हे खरं. शंभरातल्या कुणाला विचारतील हे मात्र तुम्ही ठरवत नाही.

आणि पैसे म्हणजे रोख. बाट, नाहीतर तेवढ्याच किमतीचे डॉलर. मोबाईलमधला बॅलन्स नाही, यूपीआय नाही, रुपयांच्या नोटांचं बंडल नाही (तसेही 25,000 रुपयांच्या वर रोख रुपये देशाबाहेर नेता येत नाहीत). आपल्या ग्रुपांची तर एक जुनी सवय आहे. सगळ्यांचे पैसे एकाकडं, कारण हिशेबाला बरं पडतं. काउंटरवर प्रत्येकजण एकटा उभा राहतो. ज्याच्याकडं पैसे आहेत तो शिक्का मारून पुढं गेलेला असतो आणि मागचा रिकाम्या खिशानं उभा. चार मित्रांचं कुटुंब होत नाही, त्यामुळं 40,000 मध्ये चौघं बसत नाहीत. काकांच्या पोराच्या ग्रुपमध्ये हेच झालं. खजिनदार पुढच्या रांगेतनं केव्हाच बाहेर पडला होता.

आता कोल्हापुरातनं हे पैसे घ्यायचे कसे, ते नीट वाचा. बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच घ्या. पासपोर्ट, पॅन, तिकीट न्या, ए-2 फॉर्म (परकीय चलन मागायचा अर्ज) भरा. 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त झाले की रोख रुपये देऊन परकीय चलन मिळत नाही, खात्यातनंच द्यावे लागतात. म्हणजे एका माणसाच्या 20,000 बाटांनाच तुमचं रोखीचं गणित संपतं. एका सहलीला रोख नोटा 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंत मिळतात, पुढचं फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड). बाट प्रत्येक ठिकाणी तयार नसतात, चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. नाहीच मिळाले तर माणशी 700 डॉलर घ्या. पावती पासपोर्टजवळ ठेवा. ओळखीतल्या कुणाकडनं पावतीशिवाय दोन रुपये स्वस्तात घेऊ नका. कस्टमवाल्यानं विचारलं तर त्या ओळखीचा उपयोग शून्य.

डेबिट कार्डाचंही सांगून ठेवतो. 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू असतात, परदेशातला वापर आपण स्वतः चालू करून घ्यावा लागतो. आपल्या बऱ्याच सहकारी बँकांच्या कार्डांना तर ती सोयच नसते. घरातनं निघायच्या आधी बँकेत जाऊन विचारा, सीट बेल्ट लावल्यावर नाही.

कागद छापून न्या. परतीचं तिकीट, पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंतचं हॉटेल बुकिंग, गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. 1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात येणाऱ्यानं भरायचा माहितीचा फॉर्म, आधी ऑनलाइन भरायला लागतं, तेही छापून घ्या. बॅटरी संपते, वायफाय मिळत नाही, कागद मात्र हातात राहतो.

कुणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांचा नियम. बरोबर आहे. आपल्याच ई-व्हिसाच्या सूचनांमध्ये परदेशी माणसानं पुरेसे पैसे बाळगावेत असं लिहिलंय. ठीक. माझं भांडण नियमाशी नाही, नियम माहीत असून गिऱ्हाइकाला न सांगणाऱ्याशी आहे.

कारण भोगतो कोण? परत पाठवलेल्या माणसाला ज्या विमान कंपनीनं आणलं तिलाच न्यावं लागतं, आणि पासपोर्ट बहुतेक वेळा परत उतरेपर्यंत हातात देत नाहीत. हॉटेलचे, बोटीचे पैसे बुडतात. त्याहून वाईट म्हणजे पुढं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, कुठलाही फॉर्म भरताना प्रश्न येतो : तुम्हाला कधी कुठल्या देशानं प्रवेश नाकारलाय का? काकांच्या पोराला आता तिथं 'हो' लिहावं लागणार आणि कारण जोडावं लागणार. लपवू नकोस म्हणून बजावून सांगितलंय. नाकारल्याचं कारण लिहून दिलेला कागद त्यानं जपून ठेवलाय, ते चांगलं केलं. पैशाचं कारण सांगता येतं. खोटं सापडलं तर इंग्लंडमध्ये 10 वर्षांची बंदी लागू शकते.

खोट्यावरनं आठवलं, आणि इथं मला खरंच राग येतो. व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या स्टेटमेंटच्या आधी आठवडाभर तुमच्या खात्यावर पाच लाख ठेवतो, एवढं कमिशन द्या, असं सांगणारे लोक आपल्याच गावात आहेत. अरे, ज्याला दाखवायचं तो व्हिसा अधिकारी दिवसाला शेकडो स्टेटमेंट बघतो. सहा महिने तीस-चाळीस हजारांवर खेळणारं खातं एका सोमवारी पाच लाखांवर जातं, हे त्याला दिसत नाही? इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसाला तर पैसे सलग 28 दिवस खात्यावर लागतात, एक दिवस जरी ठरलेल्या रकमेच्या खाली गेले तरी अर्ज गेला. पोरांच्या ॲडमिशनशी खेळताय तुम्ही.

युरोपचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मिळाला म्हणजे सुटलो असं नाही, सीमेवरही पैशाबद्दल विचारायचा त्यांना हक्क आहे. जर्मनी दिवसाला 45 युरो धरते, नेदरलँड्स 55, फ्रान्स हॉटेल बुकिंग असेल तर 65 आणि नसेल तर 120. स्वित्झर्लंड दिवसाला 100 फ्रँक. मुलगी किंवा मुलगा जर्मनीत असेल तर त्यानं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातनं हमीपत्र काढून पाठवावं, मग आईबापांचा खर्च त्याच्या पगारावर दाखवता येतो. पत्र सहा महिन्यांत वापरायचं.

पण आपल्या शेतकरी आईबापांचं दुखणं वेगळंच आहे, आणि ते मला लागतं. उसाचं बिल एकदम येतं, दुधाचं दहा दिवसांनी येतं, ठेव पतसंस्थेत, बाकी सोसायटीच्या खात्यात. पासबुक मराठीत, सातबारा मराठीत. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न कधी भरलेला नाही. माणूस खाऊनपिऊन सुखी, कुणाचं देणं नाही, पण व्हिसाची फाइल उघडली की कागदावर कंगाल. काकांच्या घराचं अगदी हेच चित्र. ह्यात त्यांची काहीच चूक नाही हो.

म्हणून निदान सहा महिने आधी लागा. सगळी बिलं एकाच खात्यावर येतील असं करा, आणि ते खातं इंग्रजीत शिक्का-सहीचं स्टेटमेंट देणाऱ्या बँकेत असू दे. ऊसबिल जमा झालं की कारखान्याची पावती जपून ठेवा, मोठी रक्कम कुठनं आली ह्याचं ते उत्तर आहे. सातबारा, आठ-अ चं इंग्रजी भाषांतर नोटरीकडनं करून घ्या. कर शून्य असला तरी रिटर्न भरा. शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर रिटर्नचा आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो, हे अकाउंटंटला आठवण करून द्या. पतसंस्थेच्या ठेवीचा दाखला जोडा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि पॅकेज घेताय ना? ॲडव्हान्स द्यायच्या आधी एजंटला विचारा : माणशी किती रोख दाखवायला लागते, आणि कुठल्या चलनात? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर तुमचे पैसे खिशातच राहू द्यात.