आजारी पडायलाही ऐपत लागते म्हणे

लातूरच्या शाळेच्या ग्रुपवर आमच्या एका दुकानदार दोस्तानं टाकलं, "मजुराला आजारपणाची पगारी सुट्टी हे अमेरिकेचे चोचले, आपल्याकडं दिली तर सोमवारी गंजगोलाईत एक शटर उघडणार नाही." खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं.

अरे, अमेरिकेत देशाचा असा कायदाच नाहीये. 1993 चा एक आहे, त्यात बारा आठवडे घरी बसता येतं पण बिनपगारी, अन् तेही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत. बाकी जे मिळालंय ते एकेका शहरानं भांडून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत 2006 ला लोकांनी मतदान करून आणलं. मी राहतो त्या न्यू जर्सी राज्यात जर्सी सिटीनं 2013 ला ठराव केला, मग नेवार्क, मग बाकीची गावं, अन् 2018 ला अख्ख्या न्यू जर्सीला लागू झाला. म्हणजे नगरपालिकेनं केलं हे, आपली नगरपालिका नळाला पाणी कितव्या दिवशी सोडायचं यातनंच वर येत नाही तो भाग वेगळा.

हिशोब एकदम सोपाय. तीस तास काम केलं की एक तास सुट्टी, वर्षाला जास्तीत जास्त चाळीस तास. डंकिन या कॉफी-डोनटच्या दुकानातल्या पोरीलाही हेच. लेकरू आजारी असलं तरी चालतं, त्याच्या शाळेनं बोलावलं तरी चालतं, अन् सलग तीन दिवस झाल्याशिवाय डॉक्टरची चिठ्ठी मागायची नाही. इथल्या देशी ग्रोसरीवाल्यांनी तेव्हा लई रड लावली होती, आता धंदा बसला म्हणून. एकाचंही दुकान बंद पडलेलं मला तरी दिसलं नाही.

दोस्ताकडं दुकानात सहा पोरं कामाला आहेत. रोज 400 धरला तर पाच दिवसाचे माणसामागं 2000, सगळ्यांचे मिळून वर्षाला 12,000. याच्यापेक्षा जास्त तर तो दिवाळीला फटाक्यात उडवतो.

त्यावर त्यानं टेक्सास काढलं. तिथल्या ऑस्टिन शहरानं 2018 ला असाच कायदा केला, मग सॅन अँटोनियो अन् डॅलसनं, पण कोर्टात एकही टिकला नाही. खरंय. पण मी जर्सीत राहतो, टेक्सासचं मला कामून विचारतो?

चोचले म्हणतो तर जरा बीडच्या केज-धारूरकडं बघ की. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडीतलं एक जण तापानं पडलं तरी मुकादम खाडा लावतो, पैसे कापतो. पाळीचा खाडा नको म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या, 2019 ला सरकारला समिती नेमावी लागली. अन् दुकानांचं म्हणशील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकान कायद्यात आठ दिवसाची पगारी किरकोळ रजा आहे, पण दहा कामगार असले तरच. ती अटही 2025 मध्ये वीसवर नेली. दोस्ताची सहा पोरं तेव्हाही बाहेर अन् आताही बाहेरच.

मग तो म्हणाला, "तुला तिथं एसीत बसून बोलायला काय जातंय?"

हे मात्र लागलं. कारण माझ्या खात्यावर सुट्ट्या पडून आहेत अन् मी ताप अंगावर काढून, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा करतो. एच-वन-बी म्हणजे नोकरीवर टिकलेला व्हिसा आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, मॅनेजरच्या डोळ्यावर यायचं नाही एवढंच डोक्यात. डंकिनची ती पोरगी बिनधास्त फोन करून सांगते, आज येत नाही. इथं मला मत नाही, तिथं मतदानाच्या दिवशी मी कधी नसतोच. मग बोलायचं तरी कुठं, ग्रुपवरच.

परवा आईला म्हटलं, भांडेवाल्या मावशीचे आजारपणाचे खाडे कापत जाऊ नको. आई म्हणाली, "तू पाठव पैसे, मग नाही कापत." तर आता पाठवतो. ग्रुपवर हे सांगितलेलं नाही, तो लगेच म्हणेल, बघ, डॉलर होते म्हणून जमलं.